मापं

नांदेडहून एसटीच्या टपावर पार्सल आलं.
सागवान म्हणून सांगितलेलं.
चाँदपाशानं नखानं खरवडलं, वास घेतला,
"पेटीचं लाकूड हाय सर. आंबे भरतेत ह्याच्यात."

चौदा फळ्या, चार खांब, जाळीची गुंडाळी,
छत्तीस स्क्रूऐवजी एकतीस,
आणि एक कागद, त्यावर नुसते बाण,
कुठून कुठं, ते छापायचं राहिलेलं.

सेलूच्या उन्हात फळी दोन दिवसांत वाकली.
दार एका बाजूनं हसायचं.
रंधा मारला तर दुसऱ्या बाजूनं हसायला लागलं.
"लाकूड वाकायचं थांबू द्या," चाँदपाशा म्हणाला,
पेन्सिल कानामागं, "मंग मोजा."
मी गणिताचा माणूस.
माझं आधीच मोजून झालेलं.

पहिल्याच आठवड्यात पाणी ठेवायला वाकलो
आणि पिवळा लव्हबर्ड माझ्या बगलेखालून निघाला,
टाकीवर, मग तारेवर, मग जिनिंगच्या बाजूला.
इंदुमती अंधार पडेपर्यंत गच्चीवर
वाटीत राळे वाजवत उभी.
उरले पाच.

म्हणून दाराला आणखी एक दार काढलं,
मधे एक माणूस मावेल एवढी जागा:
बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही.
मांजरासाठी जाळी बारीक केली.
मुंग्यांसाठी खांब जळक्या ऑइलच्या डब्यांत.
झालं, म्हणालो.

वैशाखातली दुपार. इंदुमती जिंतूरला, भावाकडं.
मी आत दांडी ठोकत होतो.
वावटळ आली, आतलं दार आपटलं
आणि माझ्याच हातानं बसवलेली कडी
पलीकडून आपसूक पडली.
पान्हा, पकड, स्क्रूड्रायव्हर
बाहेर, ओळीनं मांडलेले.
मोबाईल खिडकीत चार्जिंगला. दिसत होता.
दोनदा वाजलाही.

लाथ मारली असती तर जाळी निघाली असती.
पण मग हे पाच.
बसलो खाली, उकिडवा.

तीनच्या पुढं पश्चिमेचं ऊन
चौकोन चौकोन होऊन अंगावर आलं
आणि हललंच नाही.
पत्रा तापताना टिकटिक वाजतो,
हे बाहेरून कधी ऐकू आलं नव्हतं.
वारा जमिनीसरशी जातो,
दांडीपर्यंत पोचतच नाही.
दांड्या सगळ्या दुकानातल्या, गोल, एका जाडीच्या.
एक मुठीत धरून बघितली.
थोड्या वेळानं पंजा आंबला.
ते तर रात्रंदिवस धरून असतात.

पाचही आधी वरच्या कोपऱ्यात, एकमेकांत घुसून.
मग मला विसरले.
बिनशेपटीची निळी खाली उतरली,
माझ्या चपलेचा अंगठा कुरतडत बसली.
मी पाय हलवला नाही.

साडेचारला सवंद्र्यांची बारकी क्लासहून आली.
सायकलचा एक पाय जमिनीवर.
"सर, तुम्ही आत काय करायलात?"
"मोजायलोय," म्हणालो.

पत्र्यावर तुऱ्हाट्यांचा थर दिला.
पश्चिमेला कूलरचा जुना वाळा,
त्यावर ठिबकची नळी, अडीच फूट, पुरली.
दांड्या काढून लिंबाच्या फांद्या लावल्या,
जाड, बारीक, वाकड्या, साल तशीच.
खालची एक फळी काढून जाळी लावली, वाऱ्यासाठी.
चाँदपाशा बघून गेला,
कौतुक केलं नाही,
पण पाच स्क्रू खिशातून काढून देऊन गेला.

शेवटी आतल्या कडीला एक सुतळी,
भोकातून आत घेतलेली. माझ्यासाठी.
निळी दिवसभर तीच ओढत बसते.
"काढून टाका," इंदुमती म्हणते,
"एखाद दिवशी उघडंल ती."
तेवढं वजन नाही तिच्यात.

रात्री उठून मी बाहेरचं दार हलवून बघतो.
सुतळी काही काढत नाही.